एचसीएल निघून जातो तेव्हा

बारावीला असताना आमच्या ट्यूशनच्या सरांनी सेत्झेफचा नियम एका वाक्यात शिकवला होता: "गरिबाला आणखी गरीब करायचं."

पत्र्याचं छत, चाळीस-पन्नास पोरं, एक कुलर आणि फळ्यावर टू-ब्रोमोब्युटेन. ब्रोमीन ज्या कार्बनवर बसलाय त्याच्या एका शेजाऱ्याकडे तीन हायड्रोजन, दुसऱ्याकडे दोनच. अल्कोहोलिक केओएच टाकलं की ब्रोमीन निघून जातो आणि सोबत शेजाऱ्याचा एक हायड्रोजन नेतो. कोणाचा? ज्याच्याकडे आधीच कमी आहेत, त्याचा. मार्कोव्हनिकॉफचा नियम याच्या उलट, तिथे श्रीमंताला आणखी श्रीमंत करायचं. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कापूस होता. कोणीतरी मागून म्हणालं, "सर, हे तं आपल्या इथंच चालते." सगळे हसले, सरही हसले आणि पुढचा प्रश्न फळ्यावर आला.

या प्रकाराला एलिमिनेशन रिअ‍ॅक्शन म्हणतात. मराठीत विलोपन अभिक्रिया म्हणता येईल. एका मोठ्या रेणूतून एक छोटा रेणू, बहुधा पाणी किंवा एचसीएल, बाहेर पडतो आणि मागे दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध उरतो. उत्तर लिहिताना आम्ही मुख्य पदार्थ लिहायचो आणि बाहेर पडलेला एचसीएल बाणाच्या खाली कोपऱ्यात. तो नाही लिहिला तरी मार्क कापत नसत.

पुढे मी कॉम्प्युटर इंजिनिअर झालो. पुण्यात कोड लिहितो. केमिस्ट्रीशी माझा संबंध बारावीच्या निकालाबरोबर संपला असं मी धरून चाललो होतो. तो परत कसा जोडला गेला आणि त्या कोपऱ्यातल्या एचसीएलचा यवतमाळशी काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पाठीला पाठ

एलिमिनेशनचा इतिहास साधारण १८५१ पासून सांगतात. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ तेव्हा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत शिकवत होता. नायट्रोजनला चार कार्बनी गट चिकटवलेले क्षार तो तापवत असे. तापवल्यावर त्यांचे तुकडे होत आणि दुहेरी बंधाचा एक पदार्थ मिळत असे. कोणता पदार्थ मिळेल याचा एक ढोबळ नियम त्याला दिसला. पुढे १८७५ मध्ये रशियातल्या कझानच्या अलेक्सांद्र झायत्सेफने, म्हणजे आमच्या पुस्तकातल्या सेत्झेफने, हॅलोजन निघून जाणाऱ्या रेणूंसाठी वेगळा नियम मांडला. तोच आमचा "गरिबाला आणखी गरीब". दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर होते, पण का, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून बावीस वर्षं होती.

"का"चं उत्तर १९२० आणि ३० च्या दशकांत ख्रिस्तोफर इंगोल्ड आणि एडवर्ड ह्यूज या दोघांनी दिलं. बारावीला आपण जे ई-वन आणि ई-टू पाठ करतो, ती नावं यांचीच. ई-टू मध्ये सगळं एका क्षणात घडतं. बेस हायड्रोजन ओढतो, त्याच वेळी क्लोरीन सुटतो, त्याच वेळी दुहेरी बंध तयार होतो. अट एकच. हायड्रोजन आणि क्लोरीन रेणूच्या विरुद्ध बाजूंना असले पाहिजेत. दोन माणसं पाठीला पाठ लावून उभी आहेत आणि एकाच वेळी विरुद्ध दिशांना चालू लागली, असं समजा. ती शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभी असली तर ही निघण्याची चाल जमत नाही. ही अट लक्षात ठेवा, तिचं काम पुढे पडणार आहे.

आता एक योगायोग. सेत्झेफचा नियम छापून आला त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ मध्ये, स्ट्रासबुर्गच्या प्रयोगशाळेत ओथमार झायडलर नावाच्या विद्यार्थ्याने एक नवीन पांढरा पदार्थ बनवला. दोन बेंझिनची कडी, प्रत्येकीवर एक क्लोरीन, दोघींना जोडणारा एक कार्बन, त्या कार्बनवर एकुलता एक हायड्रोजन आणि शेजारच्या कार्बनवर तीन क्लोरीन. त्याने तो नोंदवला आणि विषय संपला. त्याचा काही उपयोग असेल असं कोणाला वाटलं नाही. हे डीडीटी होतं.

रेणूकडे पुन्हा एकदा बघा. एक हायड्रोजन आणि शेजारीच तीन क्लोरीन. सरांनी फळ्यावर काढला असता तर पहिल्या बाकावरच्या पोराने सांगितलं असतं, "सर, एचसीएल निघन."

भिंतीवरची पांढरी पावडर

पासष्ट वर्षांनी, १९३९ मध्ये, स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या गायगी या रंग बनवणाऱ्या कंपनीत पॉल म्यूलर हा रसायनशास्त्रज्ञ कीटक मारणारं रसायन शोधत होता. साडेतीनशेच्या आसपास पदार्थ वाया गेल्यावर त्याने झायडलरचा पदार्थ पिंजऱ्यात फवारला. माश्या लगेच नाही, पण हळूहळू मेल्या. पिंजरा धुऊन पुसून नव्या माश्या सोडल्या, त्याही मेल्या. हेच डीडीटीचं बळ होतं. ते उडून जात नव्हतं, पाण्यात विरघळत नव्हतं, एकदा बसलं की बसलं. दुसऱ्या महायुद्धात ते उवा आणि डासांवर वापरलं गेलं आणि १९४८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल म्यूलरला मिळालं.

आपल्याकडे तेव्हा मलेरिया होता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत होता आणि आठ लाख माणसं मरत होती, असा सरकारी अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटी बनवण्यासाठी १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी निघाली, तिचा एक कारखाना पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीलाही झाला. १९५८ मध्ये "नियंत्रण" हा शब्द जाऊन "निर्मूलन" आला. यवतमाळ तेव्हा राज्यांच्या हद्दींबरोबर फिरत होतं. आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १९५६ नंतर द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० ला महाराष्ट्र. सरकार कोणाचंही असो, फवारणीवाले येत राहिले.

माझी आजी त्यांना "मलेरियावाले" म्हणायची. पाठीवर टाकी, हातात नळी, घरातली भांडी आणि गाडगी अंगणात काढायची, भिंती पांढऱ्या व्हायच्या, दारावर तारीख लिहून ते पुढच्या घरी जायचे. "मंग आमी दिवाईले सारवून टाको," आजी सांगायची. डीडीटीवर शेणामातीचा हात फिरला की त्याचं काम संपलं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी दिवाळीला भिंत सारवायची नाही हे तिला पटलं नसतं. पण तिच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट यायची. पहिल्या वर्षी ढेकणं गेली, सगळी खाट मोकळी झाली. दोनचार वर्षांनी ढेकणं परत आली आणि मग "त्या पावडरीत लोयत", म्हणजे तिच्यात लोळत.

आकडेही तेच सांगतात. १९६५ मध्ये देशातले मलेरियाचे रुग्ण लाखभरावर आले होते, मृत्यूंची नोंद शून्य होती. १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाख. याला पैसा कमी पडणं, तेलाचे भाव, यंत्रणा ढिली पडणं अशी बरीच कारणं आहेत. त्यातलं एक कारण मात्र आमच्या बारावीच्या पुस्तकात होतं.

माशीच्या अंगातलं केओएच

युरोपात १९४६-४७ मध्येच डीडीटीने न मरणाऱ्या घरमाश्या सापडल्या होत्या. त्या का मरत नाहीत याचा शोध अमेरिकेत सुरू झाला. न मरणाऱ्या माश्यांना डीडीटी देऊन त्या वाटून बघितल्या तर त्यांच्यात डीडीटी कमी आणि दुसराच एक पदार्थ जास्त निघत होता. तो डीडीई होता, म्हणजे डीडीटी वजा एचसीएल. इलिनॉय विद्यापीठात स्टर्नबर्ग, कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३-५४ मध्ये हे काम करणारं एन्झाइम वेगळं काढलं आणि त्याला सरळ कामावरून नाव दिलं: डीडीटी-डीहायड्रोक्लोरिनेज. हायड्रोजन-क्लोरीन काढून घेणारं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसमध्ये होतो आणि खरंच खुर्चीत सरळ बसलो. जे आम्ही अल्कोहोलिक केओएच टाकून, गरम करून, कागदावर करत होतो, ते माशी खोलीच्या तापमानाला, अंगातल्या अंगात करत होती. केओएचच्या जागी तिच्याकडे ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू आहे. तो तुमच्या-माझ्या यकृतातही भरपूर असतो. एन्झाइमच्या कुशीत बसून तो डीडीटीचा तो एकुलता हायड्रोजन ओढतो, क्लोरीन सुटतो, दुहेरी बंध तयार होतो. ग्लुटाथायोन स्वतः खर्च होत नाही, पुढच्या रेणूसाठी पुन्हा मोकळा.

दुहेरी बंधाने इतकं काय बिघडतं? डीडीटी किड्याच्या मज्जातंतूतल्या सोडियमच्या दाराला अडकून ते दार उघडं ठेवतं, म्हणून किडा थरथरत मरतो. त्यासाठी रेणूचा एक विशिष्ट, मध्ये उंचवटा असलेला आकार लागतो. एचसीएल गेला की मधला भाग सपाट होतो आणि दारात पाचर बसत नाही.

हे एन्झाइम माशीने डीडीटी आल्यावर शोधून काढलं नाही. लाखो माश्यांमध्ये काहींच्या अंगात ते थोडं जास्त होतं. डीडीटीने बाकीच्या मारल्या, या उरल्या आणि त्यांची पोरं उरली. किड्यांचा हा एकच उपाय नव्हता. काहींमध्ये ते सोडियमचं दारच बदललं. पुढे डासांच्या काही जातींतही एचसीएल काढणारी अशीच एन्झाइमं सापडली. आम्ही सॉफ्टवेअरवाले प्रोग्रॅममधल्या चुकीला बग म्हणतो, म्हणजे किडाच. इथे खऱ्या किड्याने आमच्या औषधातली फट शोधली होती, आणि ती फट रेणूच्या रचनेतच होती. दुरुस्त करायला गेलो तर डीडीटीच राहत नाही.

आणि डीडीईचं काय झालं? शब्द एलिमिनेशन असला तरी निघून गेला तो फक्त एचसीएल. उरलेला डीडीई माशीला बाधत नाही, पण तो डीडीटीपेक्षाही चिवट आहे. तो चरबीत साठतो, किडा खाणाऱ्या पक्ष्यात, त्या पक्ष्याला खाणाऱ्या पक्ष्यात चढत जातो. ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटत होती, त्यामागे मुख्यतः हाच डीडीई होता. भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ मध्ये बंदी आली, मलेरियासाठी ते पुढेही चालू राहिलं.

जो निघतच नाही तो

आता पाठीला पाठ लावण्याच्या अटीकडे येऊ.

आमच्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना डीडीटीपेक्षा बीएचसी जास्त आठवते. पोत्यात मिळणारी, कुबट वासाची भुकटी, फडक्यात बांधून झाडांवर आपटायची. सहा कार्बनांचं कडं आणि प्रत्येक कार्बनवर एक क्लोरीन, एक हायड्रोजन. मायकेल फॅरेडेने ती १८२५ मध्येच बनवली होती, तिचा कीटकनाशक गुण मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत लक्षात आला. सहा क्लोरीन कड्याच्या वर की खाली, यावरून तिचे आठ प्रकार होतात. कीड मारतो त्यातला एकच, गॅमा. बाजारातल्या स्वस्त बीएचसीत गॅमा जेमतेम १०-१५ टक्के असायचा. बाकीचं सगळं किड्याच्या दृष्टीने फुकटचं आणि जमिनीच्या दृष्टीने फुकटचं नसलेलं.

त्यातला बीटा नावाचा प्रकार वेगळा आहे. त्यात शेजारशेजारचे क्लोरीन आलटून पालटून वर-खाली आहेत. त्यामुळे कोणताही क्लोरीन घ्या, त्याच्या शेजारचा हायड्रोजन त्याच्याच बाजूला येतो. विरुद्ध बाजूला एकही नाही. पाठीला पाठ लावायला जोडीदारच नाही. अमेरिकेत स्टॅन्ली क्रिस्टॉलने १९४७ मध्ये हे सगळे प्रकार अल्कलीत टाकून मोजलं, तेव्हा बाकीचे प्रकार एचसीएल टाकून मोकळे होत होते आणि बीटा हजारो पटींनी मागे होता. ई-टू ची अट खरी आहे याचा हा नामी पुरावा ठरला आणि सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला. "खालीलपैकी कोणता आयसोमर सर्वात हळू एचसीएल गमावेल?"

ज्या कारणाने तो प्रश्नपत्रिकेत चांगला प्रश्न आहे, काहीसं त्याच कारणाने तो शेतातही टिकून राहतो. गॅमा लवकर मोडतो, बीटा मातीत आणि चरबीत सर्वात जास्त टिकतो. भारतात झालेल्या तपासण्यांत आईच्या दुधात बीएचसी आणि डीडीटीचे अंश वारंवार सापडले. १९९७ मध्ये बीएचसीवर बंदी आली, त्याच सुमाराला माझा जन्म झाला. माझ्या आईने तरुणपणी शेतात ती फडकी आपटली होती. याहून जास्त मला काही सिद्ध करता येत नाही, आणि करायचंही नाही.

आम्ही त्याला औषध म्हणतो

एचसीएलवाले रेणू थकले तसे दुसऱ्या घराण्यातले पुढे आले. जर्मनीत गेरहार्ड श्राडरने १९३० च्या दशकात फॉस्फरसची कीटकनाशकं शोधताना टाबुन हा युद्धातला विषारी वायूही शोधला होता. एकाच टेबलावर, एकाच कामात. या ऑर्गॅनोफॉस्फेट घराण्यातलं पॅराथिऑन १९५८ मध्ये भारतात येणाऱ्या जहाजावर गव्हाच्या पिठाजवळ ठेवलं गेलं, पिंप गळलं, आणि केरळ व मद्रास भागात ते पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली. त्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला, त्याच्या नियमांतून बाटलीवरचे रंगीत त्रिकोण आले. लाल, पिवळा, निळा, हिरवा, उतरत्या क्रमाने विषारी.

याच काळात कापूसही बदलत होता. आमच्या काळ्या जमिनीतला देशी कापूस आखूड धाग्याचा, पण किडीला दाद न देणारा. गिरण्यांना लांब धागा हवा होता. १९७० मध्ये गुजरातेत सुरतच्या केंद्रावर एच-४ हा जगातला पहिला संकरित व्यापारी कापूस निघाला आणि संकरित बियाणं विदर्भात पसरलं. उत्पन्न वाढलं, फवारण्याही वाढल्या. देशाच्या लागवडीतली सुमारे पाच टक्के जमीन कापसाखाली आणि नव्वदच्या दशकात देशातली जवळपास निम्मी कीटकनाशकं कापसावर, असा हिशेब तेव्हा सांगितला जायचा. बोंडअळी एकेका औषधाला सरावत गेली. २००२ मध्ये बीटी कापूस आला, काही वर्षं फवारण्या खरंच कमी झाल्या. मग तुडतुडे, पांढरी माशी यांचं राज्य आलं आणि २०१५ नंतर गुलाबी बोंडअळीने बीटीलाही जुमानणं सोडलं.

या सगळ्यात आमच्या भाषेने एक गोष्ट केली. कीटकनाशकाला आम्ही औषध म्हणतो. "औषध मारलं का?" म्हणजे फवारणी झाली का. "औषध आणा लागते" म्हणजे कृषी केंद्रात जायचंय. आणि एखाद्या घराबद्दल कोणी हळू आवाजात "त्यानं औषध घेतलं" म्हणालं, तर पुढे काही विचारायचं नसतं. यवतमाळात हे वाक्य फार वेळा बोललं गेलंय.

२०१७

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. बाबांचा फोन आला, "काकाले भरती केलं."

काका म्हणजे नात्यातले नव्हेत. आमच्या शेतात वर्षानुवर्षं फवारणीला येणारे गृहस्थ, मी लहानपणापासून त्यांना काकाच म्हणतो. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर गेला होता. एरवी फवारा कमरेखाली राहतो, त्या वर्षी नळी वर धरून फवारावं लागत होतं आणि सगळा तुषार तोंडावर येत होता. त्यांनी सलग तीन दिवस फवारलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धुऱ्यावर बसले आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, मले दोन दोन झाडं दिसून रायले." मग उलट्या, घाम, तोंडाला फेस.

मी गावी पोचलो तेव्हा यवतमाळात अशीच माणसं सगळ्या तालुक्यांतून येत होती. त्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, आठशेच्या आसपास लोकांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. सरकारने चौकशी पथक नेमलं, काही औषधांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात दोन महिन्यांची बंदी आली.

काकांना ठेवलं होतं तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणतं औषध?" बाबांनी पिशवी उघडली. तीन बाटल्या, दोन एकत्र करून मारलेल्या, एकीचं लेबल भिजून निघून गेलेलं. डॉक्टर लेबलकडे का बघत होते ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

ऑर्गॅनोफॉस्फेट असेल, म्हणजे प्रोफेनोफॉस किंवा मोनोक्रोटोफॉस, तर ते शरीरातल्या कोलिनएस्टरेज या एन्झाइमला जाऊन चिकटतं. चिकटताना फॉस्फरसवरचा एक गट सुटून जातो. आमच्या पुस्तकात त्याला लीव्हिंग ग्रुप म्हणत. एन्झाइम बंद पडलं की मज्जातंतूचा निरोप थांबत नाही, लाळ, घाम, श्वासनळीतलं पाणी, सगळं वाहायला लागतं. त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. पीएएम नावाचं दुसरं औषध अडकलेला फॉस्फरस ओढून काढायचा प्रयत्न करतं. त्याचा फायदा नेमका किती, यावर डॉक्टरांत एकमत नाही. पण ते उशिरा दिलं तर नक्कीच चालत नाही, कारण काही वेळाने त्या फॉस्फरसवरून आणखी एक गट निघून जातो आणि मग तो एन्झाइमला कायमचा बसतो. याला शास्त्रात म्हातारं होणं म्हणतात. काही विषांत हे काही तासांत होतं. आमच्या गावापासून दवाखाना दीड तासावर आहे, गाडी मिळाली तर.

आणि बाटलीत डायफेन्थियुरॉन असेल तर यातलं काहीच लागू नाही. ते फॉस्फरसचं नाही. उन्हात आणि किड्याच्या अंगात त्यातून गंधक निघून जातो. नुसता हिशेब मांडला तर दोन हायड्रोजन आणि एक गंधक वजा आणि एक दुहेरी बंध जास्त. उरलेला रेणू पेशीतली ऊर्जा बनवण्याची यंत्रणा बंद करतो. म्हणजे डीडीटीतून काही निघून गेलं की विष बोथट होत होतं, इथे काही निघून गेल्यावरच विष धारदार होतं. त्यावर नेमका उतारा नाही. रोग्याला सांभाळायचं आणि वाट बघायची.

डायफेन्थियुरॉन सीबा-गायगी कंपनीत तयार झालं. म्यूलरच्या गायगीचं १९७० मधल्या विलीनीकरणानंतरचं हे नाव. तिचा शेतीचा धंदा पुढे २००० मध्ये सिंजेन्टा या कंपनीत गेला. त्याच सिंजेन्टात आयसीआयच्या वंशातला शेतीधंदाही आला. डीडीटी आणि गॅमा बीएचसी, दोघांची घराणी एका छपराखाली, पुन्हा बाझलमध्येच. स्वित्झर्लंडमध्ये या औषधाला २००९ नंतर परवानगी नाही. २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली आणि बाझलच्या कोर्टातही दावा गेला. २०१७ च्या विषबाधेला आपलं उत्पादन कारण असल्याचं कंपनीने नाकारलं आहे. कोर्ट त्यांचं काम करेल. मला नवल वाटलं ते एवढंच की ज्या शहरात तो माश्यांचा पिंजरा होता, त्याच शहरात आमच्या जिल्ह्यातली माणसं न्याय मागायला गेली.

कोपऱ्यात लिहायचं ते

काका वाचले. नऊ दिवसांनी घरी आले. डाव्या डोळ्याला अजून अंधुक दिसतं. फवारणी सोडली, आता बकऱ्या बघतात.

हे लिहिताना मला एक गोष्ट टाळता येत नाही. कंपनी, सरकार, बियाणं यांच्याबद्दल बोलणं सोपं आहे. पण त्या तीन बाटल्या बाबांनी आणल्या होत्या. दोन एकत्र करायला कृषी केंद्रवाल्याने सांगितलं आणि बाबांनी मान डोलावली. चष्मा आणि हातमोजे आमच्याही घरात नव्हते, ते लागतात हे माहीत मात्र होतं. पंप काकांच्या पाठीवर होता आणि मजुरी टाकीमागे ठरलेली होती, म्हणून ते थांबले नाहीत. कापूस आमचा आला. दवाखान्याचा खर्च बाबांनी केला, अजूनही दिवाळीला त्यांच्याकडे काहीतरी जातं, पण बाबा त्या शेताच्या धुऱ्यावर बसत नाहीत. ट्यूशनमध्ये आम्ही ज्या वाक्यावर हसलो होतो त्यात मी स्वतःला गरिबाच्या जागी धरलं होतं. ते तितकंसं बरोबर नव्हतं.

दीडशे वर्षांच्या या गोष्टीत शास्त्रज्ञ मूर्ख नव्हते. मलेरियाचे ते आठ लाख मृत्यू खोटे नव्हते, म्यूलरचं नोबेलही नाही. चूक बाणाच्या खाली होती. प्रत्येक वेळी आम्ही मुख्य पदार्थ लिहिला आणि बाजूला काय पडलं ते कोपऱ्यात लिहायचं राहून गेलं. डीडीई कोपऱ्यात, बीटा कोपऱ्यात, आणि पंप पाठीवर घेतलेला माणूसही कोपऱ्यातच.

माझ्या हातात फार काही नाही. मी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलाय, आमच्या आणि शेजारच्या गावातल्या तीसेक लोकांचा. नियम एकच. फवारणीच्या दिवशी सकाळी बाटलीच्या लेबलचा आणि त्रिकोणाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, मिसळलं असेल तर दोन्हींचा. कोणाला काही झालंच तर डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर तयार असावं. फोटो आला की मी आतलं रसायन मराठीत लिहितो, कोणत्या घराण्यातलं ते लिहितो आणि मिसळू नका असं लिहितो. मिसळतात तरीही.

काका त्या ग्रुपवर आहेत. ते फवारत नाहीत, पण ज्याने फोटो टाकला नाही त्याला सकाळी सातला फोन करतात.